शेणव्याची प्रेस आणि तिची सवत

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी हेवेखोर आहे. एके काळी मी गवत दाबायची प्रेस होते, शेणव्याच्या वखारीतली. आता माझी एक फळी तेवढी उरली आहे. लोखंड मोडीत गेले, लाकूड ज्याला हवे तसे त्याने नेले, पण माझा हेवा कोणी नेला नाही. तो या फळीत अजून शाबूत आहे. शेजारणीला नवे परकर-पोलके मिळाले की जिला त्या दिवशी जेवण गोड लागत नाही, अशी एखादी मुलगी तुमच्या वर्गात असेलच. तिला माझी गोष्ट जरूर वाचायला द्या.

माझी माहेरे दोन. मधला मळसूत्री खांब मुंबईच्या ओतकारखान्यात ओतला गेला आणि अंगाचे लाकूड मुरबाडच्या रानातले, अस्सल साग. हंसराज शेठ म्हणून मुंबईचे एक व्यापारी होते. त्या काळी मुंबईत घोडागाड्या फार. गाडीचे घोडे, शर्यतीचे घोडे, तबेल्यातल्या म्हशी, साऱ्यांना गवत लागे. आणि आमच्या शहापूर-मुरबाडच्या माळांवर दिवाळीच्या सुमारास कमरेएवढे गवत उभे असे. पण सुटे गवत मालगाडीत भरले तर गवतापेक्षा वाराच जास्त भरला जातो. म्हणून शेठजींनी कंपनी काढली, शेणव्याला रस्त्याच्या कडेला वखार बांधली, आग लागली तर हाताशी पाणी असावे म्हणून विहीर खणली आणि मधोमध मला उभे केले. साल होते एकोणीसशे एकतीस.

माझे काम पाहायला लांबून माणसे येत. माझी सागवानी पेटी दोन पुरुष उंच. तिच्या तळाच्या फळीवर गोजर नावाची बाई उभी राहायची. वरून गवताच्या पेंढ्या पडायच्या आणि ती पायांनी तुडवत तुडवत गवताबरोबर वर यायची. ती बाहेर पडली की चार माणसे माझ्या दांड्याला छाती लावून गोल गोल फिरायची. मळसूत्र करकरत खाली उतरायचे, एवढाले गवत गुडघ्याएवढे व्हायचे. मग दोऱ्या आवळायच्या, पेटीचे दार उघडायचे आणि गासडी धपकन बाहेर पडायची. दांड्यावरच्या पहिल्या जागेवर गोजरचा नवरा काळूराम असे. तोच टोळीचा मुकादम. त्याच्या मागे कोंडू, ज्याची जीभ हातांपेक्षा जास्त चाले.

हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा. त्या दिवशी गोजर झेंडूचा लांबलचक हार ओवून आणायची आणि माझ्या मळसूत्राला तीन वेढे देऊन घालायची. काळूराम नारळ फोडायचा. कोयते, दोऱ्या, पाट्या, सगळ्यांना एकेक फूल मिळे; हार मात्र माझा एकटीचा. मी तेव्हा इतकी फुगून जायची की पहिल्या दिवशी मळसूत्र थोडे जडच फिरायचे. कोंडू म्हणायचा, "बाई आज लाजतेय." मी लाजत नव्हते, मिरवत होते.

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुढे उपयोगी पडेल. वखारीत उंचीचे माप एकच होते, आणि ते माझे होते. माझा दांडा माणसाच्या छातीपाशी येई. म्हणून कुंपण घालायचे तर 'एक छाती', गंजी रचायची तर 'तीन छात्या'. फूटपट्टी शेठजींच्या कचेरीत पडून असे. सगळी वखार माझ्या मापाने उभी आहे, या विचारानेच मला झोप लागे.

पण दर पौषात माझे तोंड उतरायचे. पौर्णिमेला मुरबाडकडच्या म्हसा गावची जत्रा. म्हसोबाचा उत्सव, बैलांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकाने. जत्रेचे वारे अंगात शिरले की माझी माणसे अर्धी गासडी पेटीत तशीच सोडून निघून जात. डोळखांबकडचे, शहापूरकडचे गुरांचे कळप घेऊन लोक वखारीसमोरच्या रस्त्याने म्हसाकडे जात आणि मी दात आवळून गवत धरून उभी राही. चांगले आठ दिवसांनी टोळी परतायची. कोंडूच्या खांद्यावर नवी घोंगडी आणि तोंडात जत्रेच्या गप्पा. त्या जत्रेचा मला इतका राग यायचा! मी ती कधी पाहिली नव्हती, म्हणून जास्तच यायचा.

राग शेठजींनाही यायचा. आसनगावच्या स्टेशनावर मालगाडीच्या वाघिणी रिकाम्या उभ्या राहत आणि मुंबईचे तबेलेवाले दुसऱ्याकडून गवत घेत. आधी त्यांनी दमदाटी केली. लोकांनी ऐकून घेतली आणि जत्रेला गेले. मग कोणीतरी शेठजींना सांगितले की, मुंबईच्या मोठ्या गिरण्या कामगारांसाठी खेळ ठेवतात, गाणी ठेवतात, त्यामुळे माणसाचे मन कामात रमते. शेठजींना ते पटले.

पुढच्या हंगामात त्यांनी वखारीत एक बाजा आणला. पितळी कर्णा, वर फिरणारी काळी तबकडी. मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला फिरवायला चार माणसांचा घाम गळायचा आणि ही बया नुसती किल्ली दिली की गायची! सगळे तिच्याभोवती उकिडवे बसले. पण दुपारी गाडीचे बैल तिच्या आवाजाला बुजले आणि गाडीसकट ओढ्यात उतरले. दुसऱ्या दिवशी बाजा मुंबईला परत गेला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यानंतर शेठजींनी हुतूतूचे सामने ठेवले आणि जिंकणाऱ्या गड्यांना फेटे दिले. लोकांनी फेटे डोक्याला बांधले आणि तेच बांधून म्हसाच्या जत्रेला गेले.

शेवटी एका सकाळी शेठजी स्वतः शेणव्याला आले आणि एका गासडीवर हताश होऊन बसले.

"काळूराम," ते म्हणाले, "मी बाजा दिला, फेटे दिले, दिवाळीला मिठाई दिली. तुम्हाला हवं तरी काय?"

काळूराम तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या पेटीतून आवाज आला. पेटी भरत आली होती आणि गोजर वरच्या गुडघाभर गवतात उभी होती. पदर सावरून तिने पेटीच्या काठावरून मान बाहेर काढली.

"शेठ, रागावू नका. पन ह्ये इचारायला तुमी आज आलाव. बाजा आनायच्या आधी इचारलं असतं, तर तवाच सांगितलं असतं."

"आत्ता सांग, बाई."

"म्हसाला जानारी गुरं ह्याच रस्त्यानं जातात. पौषात ओडा आटलेला असतो. आमची, आमच्या भावकीची जनावरं तहानेनं जीभ काडतात. आमी काम टाकून जातो ते काय जत्रेतले पाळने बगायला? गुरांना वाटंत पानी दावायला संगती मानूस लागतो. तुमची हीर भरलेली हाय. रस्त्याला एक दोण बांदून द्या. हितं पानी मिळालं तर मानसं कशाला आधी निघतील?"

शेठजी उठून विहिरीपाशी गेले आणि आत डोकावले. मग म्हणाले, "दगड-चुना माझा. पाणी माझं. पण वाघिणींचं काय?"

"मी शबूद देतो," काळूराम म्हणाला. "वाघिनी भरल्याबिगर टोळीतला एक मानूस म्हसाला जायाचा नाय."

"आणि गेला तर?"

"तर तुमी हिरीला कुलूप लावा."

"लावीन," शेठजी म्हणाले. ते तोंडचे पक्के होते.

अशा रीतीने माझी सवत जन्माला आली. दगडाची आणि चुन्याची, गुरांना पाणी पाजायची लांबच लांब दोण.

मला तिची नुसती कल्पनाच सहन होत नव्हती, त्यात ती माझ्या डोळ्यांदेखत बांधली गेली. माझ्याकडे माणसे रोजावर यायची. सूर्य वर आला की यायची, कलला की पाठ फिरवायची. तिच्याकडे मात्र बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, आपली भाकरी बांधून, फुकट! बायका चुना मळताना ओव्या म्हणायच्या. माझ्या पेटीत गोजरने कधी ओवी म्हटली नव्हती. गवताची कुसळे तोंडात जातात म्हणून ती तोंड मिटूनच तुडवायची, हे मला ठाऊक होते. तरी वाईट वाटायचे ते वाटायचेच. कोंडू, जो माझ्या दांड्यावर चार फेऱ्यांनी बिडी ओढायला थांबायचा, तो तिच्यासाठी दगड वाहताना थांबला नाही.

आणि कळस म्हणजे, जड दगड सरकवायला त्यांनी माझा दांडा उपसून नेला. माझा दांडा! शेवटच्या सुट्टीला तर काम झाले तरी परत आणायचा कंटाळा केला. दांडा तिच्या उशाशी पडलेला आणि मी इकडे थोटी. तुम्हीच सांगा, कोणी का जळू नये?

दोण पौर्णिमेच्या थोडी आधी पुरी झाली. ताज्या चुन्याने पांढरी फटफटीत दिसत होती. तिच्यात पाणी सोडल्यावर आभाळ तिच्यात उतरले आणि सगळे वेड्यासारखे तिच्यात डोकावून आपापली तोंडे पाहू लागले. इकडे वाघिणी स्टेशनात लागल्या होत्या. दोन वाघिणींचा माल दाबायचा बाकी होता आणि संध्याकाळची गाडी गाठायची होती. शेठजी दुपारी टांग्याने येणार होते.

त्या सकाळी पहिला कळप आला. डोळखांबकडचा जैतू नावाचा म्हातारा आपल्या वाडीची गुरे घेऊन पुढे होता. आमची गुरे ठेंगणी, डोंगरात चरणारी. पाण्याचा वास लागताच ती धावत सुटली, दोणीपाशी आली आणि तिथेच थांबली. एका बैलाने मान ताणली. त्याची हनुवटी काठाला टेकली. पाणी पार खाली. दुसऱ्याने पुढचे पाय भिंतीला लावून पाहिले आणि घसरला. वासरे तर भिंतीला अंग घासत हंबरू लागली.

जैतूने काठीवर हात टेकून दोणीकडे खालून वर पाहिले.

"काय रे काळूराम, बैलांसाटी दोण बांदलीस का तुळशीचं वृंदावन?"

मग कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोण किती उंच बांधायची, असा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. त्यांनी सवयीने बांधली होती 'एक छाती'. उंच आहे, कुत्री तोंड घालणार नाहीत, म्हणून वर खूषही झाले होते. माणसाच्या छातीचे माप, माझ्या दांड्याचे माप! कोंडू कपाळावर हात मारून म्हणाला, "आपल्या मापानं बांदली, जैतूबाबा. बैलांचं माप घ्यायचं रायलं."

मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी नटलेली, इतकी लाडावलेली, आणि तिच्या पाण्याला कोणाचे तोंडही लागत नव्हते. करकरता आले असते तर मी पोट धरून करकरले असते.

पण काळूराम मटकन खाली बसला. त्याने डोके गुडघ्यांत घातले. मागून आणखी कळप येत होते, धूळ दिसत होती. बादल्यांनी पाणी पाजायचे म्हटले तर एवढ्या गुरांना दिवस पुरला नसता.

"आवो, असं बसून कसं व्हईल?" गोजर म्हणाली. "दोण खाली येत नाय, तर बैल वर जातील. म्होरं मुरूम टाका, भराव घाला."

"आन प्रेस?" काळूराम ओरडला. "सगळी टोळी मुरमाला लावली तर प्रेस कोन ढकलील? दोन वाघिनी बाकी हायत. आज माल गेला नाय, तर हिरीला कुलूप लागंल. मंग ही दोण पान्याबिगर काय चाटायची?"

"मी ढकलते," गोजर म्हणाली.

वखारीत असा रिवाज होता की, दांड्याला बाईने हात लावायचा नाही. का ते कोणालाच माहीत नव्हते. गोजरने पदर खोचला, माझा दांडा दोणीच्या उशापासून उचलायला लावला आणि माझ्या मळसूत्रात बसवला. टोळीतल्या सकुबाई आणि जनाबाई तिच्या मागे आल्या. तिघींनी छात्या लावल्या. दांडा हलला, पण अडकत अडकत. मला त्यांची कीव आली आणि, खरे सांगते, थोडा रागही आला; कारण गोजरचे डोळे सारखे दोणीकडे लागले होते.

जैतूने आपली काठी कुंपणाला टेकवली. "पानी तुमी आमच्या गुरांना देताव," तो म्हणाला, "तर दांडा आमी धरतो. चला रे."

त्याच्या वाडीची माणसे पुढे आली. मागून आलेल्या कळपांची माणसेही आली. त्यांनी मला जन्मात हात लावला नव्हता. कोणी उलट्या बाजूने ढकलू लागले, कोणाचे धोतर दांड्यात अडकले, पण एकदा ताल सापडल्यावर त्यांनी मला असे गरगर फिरवले की माझे आटे गरम झाले. कोणीतरी गाणे धरले. गासड्यांमागून गासड्या धपाधप पडू लागल्या. तिकडे काळूरामची टोळी पाट्यांनी मुरूम टाकत होती, दगड बसवत होती, धुमसाने ठोकून भराव घट्ट करत होती.

भर दुपारी शेठजींचा टांगा आला. पाहतात तो टोळी रस्त्यावर, बायका दांड्यावर आणि वखारीत अनोळखी माणसांची झुंबड.

"ही माणसं कुठली?" ते गरजले. "यांना कामावर कोणी घेतलं?"

"कोनी नाय घेतलं, शेठ," गोजर धापा टाकत म्हणाली. "आपलीआपली आलीत. बाजूला सरा, दांडा लागंल."

शेठजी बाजूला सरले. मग त्यांनी कोट काढला, टोपी एका गासडीवर ठेवली आणि जैतूच्या मागे जागा करून छाती लावली. एक फेरी कशीबशी मारली आणि लाल होऊन खाली बसले. कोंडू रस्त्यावरून ओरडला, "शेठचा अर्धा रोज लावा!" आणि मग शेठजीच आधी हसले.

दिवस कलायच्या आत गासड्या गाड्यांवर चढल्या. त्याच वेळी पहिला बैल भरावावर चढला आणि त्याने दोणीत तोंड घातले. तो घटाघटा पिऊ लागला. काळूराम दोणीच्या काठाला धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कोणी फुकट ढकलले, गाणे म्हणत ढकलले. मी ज्यासाठी इतकी झुरत होते ते मला मिळाले. पण मिळाले कोणामुळे? तिच्यामुळे! माणसांनी मला छाती लावली ती तिचे पाणी चालू राहावे म्हणून. आनंदात असा खडा लागला की अजून दाताखाली करकरतो.

दुसऱ्या दिवशी वखारीला जत्रेची सुट्टी मिळाली आणि शेठजीही म्हसाला जाऊन घोंगडी घेऊन आले. पुढच्या हंगामात त्यांनी दोणीवर कंपनीचे नाव कोरून घेतले. बैलांनी माना घासघासून आणि शेवाळाने भरभरून ते नाव बुजवले. लोक म्हणत, "काळूरामची दोण." पावसात भराव दर वर्षी वाहून जायचा. मग पौषात एक दिवस वखार बंद ठेवून सगळे तो पुन्हा घालायचे, शेठजी गूळ-शेंगदाणे आणायचे आणि स्वतः चार पाट्या टाकायचे. भर हंगामात काम टाकून जाणे तेव्हापासून थांबले. कंपनीची भरभराट झाली. शेठजी मुंबईत सांगायचे, "माझी माणसं मला सोडून जात नाहीत." हे सगळे चांगलेच झाले, मी नाही म्हणत नाही. पण दसऱ्याला गोजरने हार आणला तो मधोमध तोडला. अर्धा मला, अर्धा तिला! माझ्या वाट्याला दीड वेढा आला.

मग लढाई आली. लष्कराच्या घोड्याखेचरांसाठी इतके गवत लागले की मला विसावा नव्हता. लढाई संपली आणि गवताचे दिवसही संपले. मुंबईत घोड्यांच्या जागी मोटारी आल्या. हंसराज शेठ वारले, त्यांच्या मुलांनी दुसरा धंदा धरला, वखारीचे पत्रे उतरले. टोळी पांगली. काळूराम रेल्वेच्या गँगमध्ये उंबरमाळीला गेला. जाताना त्याने माझा दांडा नेला आणि घराच्या दाराला अडसर केला. मला त्या दांड्याचाही हेवा वाटला. रोज संध्याकाळी गोजरचा हात त्याला लागत असेल.

मी करवंदीच्या जाळीत पडून राहिले. माझे मळसूत्र भंगारवाल्याने नेले. पेटीच्या बाजूच्या फळ्या गोठ्यांना गेल्या. तळाची फळी तेवढी उरली, जिच्यावर गोजरने वर्षानुवर्षे पाय ठेवले होते. एका टोकाला वाळवी लागली. आणि समोर ती! कंपनी नाही, शेठ नाहीत, रोज देणारे कोणी नाही, तरी पौष आला की जुन्या टोळीतली माणसे आपापल्या गावाहून येत, विहिरीचे पाणी दोणीत सोडत आणि भराव नवा करत. मला वाटायचे, मी यांच्या हातातोंडाची गाठ घातली, मला कोणी विचारत नाही. हिने कोणाला पैसा दिला नाही आणि हिला सारे विचारतात. असा विचार करत मी कुजत होते.

गेल्या पौषात काळूराम रजेवर आला. भराव घालून झाल्यावर गोजर माझ्या जाळीपाशी आली. तिने पायाने पाने बाजूला केली आणि माझ्यावर हात फिरवला.

"आवो, बगा," तिने हाक मारली. "ही माजी फळी. अजून कशी गुळगुळीत हाय. आपल्या दाराला लावूया का? दार पार खिळखिळं झालंय."

मित्रांनो, दार! गोजरच्या घराचे दार! शेजारी माझा दांडा अडसर म्हणून आणि रोज तिचा हात. काळूराम आणि कोंडूने मला खांद्यावर घेतले तेव्हा मी इतकी सुखावले की वाळवीचे दुखणेही विसरले. दोणीसमोरून जाताना मी मनात म्हटले, "बस आता इथेच उन्हात. मी चालले घरी."

तेवढ्यात एक वासरू भरावावर चढले. मुरूम ओला झाला होता. वासराचे पाय निसटले आणि ते तोंडावर आपटले. उठले, पुन्हा चढले, पुन्हा घसरले. वरचा बैल पाणी पीत होता आणि खाली ते हंबरत होते.

गोजर थांबली. तिने वासराकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मला कळले. मी मनातल्या मनात म्हणत होते, "नको, गोजर, तिथे नको. कुठेही ठेव, तिच्या पायाशी नको."

"ठेवा हितंच," ती म्हणाली.

"आन दार?" कोंडूने विचारले.

"दाराचं बगू कायतरी. सागाची हाय. वासरू घसरणार नाय."

त्यांनी मला मुरमात घट्ट रोवले, दोणीला अगदी खेटून. गोजर आधी स्वतः माझ्यावर चढली आणि दोन्ही पायांनी दाबून पाहिले, पेटीत गवत तुडवायची तशी. मग ती उतरली आणि तिने वासराला पुढे ढकलले. त्याचे चारही खूर माझ्यावर आले. ते थरथरत होते. मग त्याने मान लांबवली आणि ते पाणी पिऊ लागले, आणि त्याच्या तोंडातून ओघळलेले पाणी माझ्या अंगावर पडले.

मी अजूनही जळते, खोटे कशाला बोलू? सगळे दोणीचे कौतुक करतात. पायाखालच्या फळीकडे कोण बघतो? पण वासरे तिच्यापर्यंत जातात ती आधी माझ्यावर पाय ठेवून. हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून मित्रांनो, या वाटेने म्हसाला गेलात तर गुरांना पोटभर पाणी पाजा. कोणी भराव घालत असेल तर दोन पाट्या तुम्हीही टाका. आणि जत्रा संपल्यावर, पाऊस यायच्या आत, मला मुरमातून उपसून कोणाच्या तरी ओसरीत भिंतीला उभी करून ठेवा. भिजत राहिले तर उरलेलीही वाळवी खाईल. एवढे माझ्यासाठी कराच. फक्त दोणीला ऐकू जाईल असे बोलू नका. मी तिच्यासमोर कोणाकडे काही मागितले, असे तिला कळायला नको.